मे महिन्यातली विहीर

मोहिते सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासणी केंद्रात बसले होते. समोर तिसऱ्या वर्षाच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, डोक्यावर खडखडणारा पंखा... आणि खरं सांगते, आधी रडू आलंच नाही, राग आला. मिरजेत पावलापावलावर हॉस्पिटलं, आणि मिरज सांगलीपासून ती किती लांब! छातीत दुखतंय म्हणून या माणसाच्या मागे आम्ही किती लागलो होतो. उत्तर ठरलेलं, "तपासण्या ना? सुट्टी संपली की करू." सुट्टी संपली की कॉलेज सुरू व्हायचं, आणि मग, "आता दिवाळीत बघू." शेवटी कॉलेजच्या आवारात, गाडी लावतानाच कोसळले. मिरजेला नेलं, पण व्हायचं ते वाटेतच झालं होतं.

सर गणिताचे, मी इतिहासाची. सांगलीच्या एकाच कॉलेजात आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. लोकांना वाटतं, प्राध्यापकांची उन्हाळ्यात चैन असते. परीक्षा, पेपर, प्रवेश, समित्या यांतून उरते ती सुट्टी चिंधीएवढी. त्या चिंधीचे माझे बेत ठरलेले असत. साताऱ्याला आईकडे जायचं, दुपारभर खोलीचं दार लावून बसायचं आणि बढतीसाठी अडलेला शोधनिबंध पुरा करायचा. महापुराच्या पुढच्या उन्हाळ्यात सर स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "मॅडम, सुट्टीत काय करताय?" तेव्हाच उठून जायला हवं होतं.

त्यांचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. पुरात सर नावेवर होते. माणसं बाहेर काढताना त्यांनी जे पाहिलं ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. नावेच्या काठाला धरून, डोळे गच्च मिटून बसलेल्या बायका. "गावातल्या बाप्यांना पवायला येतंय, म्हशींना येतंय," ते म्हणाले, "बायकांना तेवढं न्हाई." म्हणून मे महिन्यात बायकांना पोहायला शिकवायचं. नदीत मगरी, तेव्हा थोरल्या भावाच्या पायऱ्यांच्या विहिरीत. पण पुरुषासमोर बायका पाण्यात उतरणार नाहीत, म्हणून पाण्यात एक बाई हवी. ती बाई मी.

"अहो सर, मलाच पोहता येत नाही!"

"मग बरंच झालं की. एका दगडात दोन पक्षी."

आणि एप्रिलभर त्यांनी मला सांगलीच्या तलावावर बायकांच्या बॅचला पाठवलं. पन्नाशीला आलेली मी, शाळकरी पोरींच्या रांगेत कठडा धरून पाय मारत होते. घरी येऊन रोज सरांच्या नावानं बोटं मोडायची.

मे उजाडला तशा पाच-सहा बायका विहिरीवर आल्या. मी गाऊन-सलवारीचं सुचवलं, तर सर म्हणाले, "नेसत्या साडीतच शिकवा. पूर काय कापडं बदलायला थांबतोय व्हय?" कमरेला दोर, पाठीला रिकामे कॅन, पाण्यात मी... आणि काठावर छत्री घेऊन सर, उसाकडे तोंड करून उभे. बायकांना संकोच नको म्हणून ते विहिरीकडे पाठ करूनच शिकवायचे. नुसत्या आवाजावरून. "कोण पाय आपटतंय? आपटायचं न्हाई, पाणी मागं ढकलायचं." सुलाबाई नावाच्या सत्तरीच्या मावशी पहिल्यांदा तरंगल्या तेव्हा ओरडल्या, "आवं सर, जरा वळून तरी बघा, मी तरंगतीया!"

"ऐकतोय की मावशी," सर म्हणाले. वळले नाहीत.

हे एका सुट्टीपुरतं असेल अशी माझी भाबडी समजूत. दरवर्षी एप्रिल सरत आला की सर हजर. कॉलेजच्या समितीच्या बैठका ते खुशाल चुकवायचे आणि त्यांच्या वाटणीच्या फायली माझ्या टेबलावर यायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, माझा निबंध दोन वर्षं तसाच पडलाय!" तर म्हणाले, "कागद काय मॅडम, पुरात भिजतोच." मी आठवडाभर बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नव्हतं.

पुढे एका पावसाळ्यात खालच्या आळीत पुन्हा पाणी शिरलं. सुनीता नावाची आमची विहिरीवरची विद्यार्थिनी, दोन पोरांची आई, नावेत चढताना घसरून प्रवाहात गेली. त्या संध्याकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, लिंबापर्यंत पवत गेली ओ ती... साडीत. फांदी धरून बसली नाव येईस्तवर." आणि माझे डोळे पुसून होतात न होतात तोच, "आता पुढच्या मेला वरच्या आळीच्या बायका घेऊ." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

यंदा मी ठरवलं होतं, साताऱ्याला जायचं, बस्स. दहावं-तेरावं झालं, सुट्टी लागली आणि सुनीताचा फोन. "बाई, औंदा कवा येताय?" जीवावर आलं होतं, पण गेले. विहिरीवर पोचले तर सगळ्यांच्या पुढे, वरच्या पायरीवर, सरांच्या पत्नी. दरवर्षी वहिनी किटलीतून चहा पाठवायच्या, स्वतः कधी विहिरीवर फिरकल्या नाहीत. आम्हाला त्याचं नवल वाटलं नव्हतं, कारण सर अभिमानानं सांगायचे, "आमची ही नदीकाठची. माशागत पवतीया."

"मला येत न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"काय येत नाही?"

"पवायला. लग्न ठरवताना माझ्या मामानं थाप मारली हुती. ह्यांनी ती खरी धरली."

"मग एवढ्या वर्षांत सांगितलं नाहीत?"

"नव्या नवरीनं कसं सांगायचं? आन् मग ऱ्हाऊनच गेलं... पुरात मला माळ्यावर बसवून नाव घेऊन गेले. जाताना म्हणाले, तुला काय भ्या न्हाई, तुला पवायला येतंय. जीव मुठीत धरून बसले हुते मी बाई. पाणी जिन्याला लागलं हुतं."

माझ्या अंगाची लाही झाली. सगळ्या गावाच्या बायकांचं पाय मारणं आवाजावरून ओळखणारा माणूस, आणि घरच्या बाईचं भय याला ऐकू आलं नाही! आणि हीही एक. एका शब्दाचं काम होतं. दोघांना समोरासमोर बसवून चांगलं खडसवावं असं वाटलं... पण एक निघून गेला होता.

"मग आता कशाला उतरताय वहिनी?" मी विचारलं. माझा आवाज चढलेलाच होता.

त्यांनी पदर कमरेला खोचला. "गावभर सांगत फिरले ते, माझी बायको पवती म्हणून. लोकं अजून म्हणत्यात. खोटं बोलणारा माणूस नव्हता त्यो. तेवढं खरं करून द्या."

सुनीतानं त्यांच्या कमरेला दोर बांधला. मी खालच्या पायरीवरून हात दिला. वहिनींनी पाण्यात पाय घातला, डोळे गच्च मिटले आणि माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. दोन हात पुढे गेल्या, बुडाल्या, नाकातोंडात पाणी गेलं. वर ओढून पायरीवर बसवलं तर कितीतरी वेळ खोकतच राहिल्या. मला वाटलं, झालं, आता घरी जातील.

त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "परत."