कोटाची माफी

चंद्रपूरच्या कामगार न्यायालयात माझ्या शेजारच्या टेबलावर माधवी निमसरकार वकिली करते. बाई मोठी स्वप्नाळू. फाईल उघडी ठेवून खिडकीबाहेर बघत राहते. मी चिडवतो, "बाई, कुठी हरवल्या?" ती हसते, "इथीच होती, भाऊ."

गेल्या थंडीत, मजुरांनी युनियन काढली म्हणून कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्याने साठ ठेकेदारी मजूर कामावरून काढले. त्यांनी माधवीला गेट-सभेला बोलावलं. कोर्ट सुटल्यावर मीच तिला गाडीने नेलं. कोर्टाबाहेर गळ्यात वकिलाचा पांढरा बँड घालून भाषण करायचं नसतं, हे नवा वकीलही जाणतो. ती कोट, बँड उतरवू लागली, तर काढलेल्यांपैकी रुखमा म्हणाली, "राहू द्या ना बाई. कोट दिसला का साहेब आयकते." माधवी विरघळली. बँड तसाच राहिला.

मी गाडीची काच वर करून आत बसलो. संध्याकाळ होती. रस्ता, झाडं, माणसांच्या पापण्यासुद्धा सिमेंटच्या धुळीने पांढऱ्या झालेल्या, आणि त्या पांढुरक्या धुक्यात तो एकटा काळा कोट जणू तरंगत होता. "सरकार कंपनीच्या मांडीवर झोपलंय," ती माईकवर म्हणाली. अजूनही डोळे मिटले की मला तो कोट दिसतो.

कोणीतरी मोबाईलवर टिपलं, आणि तक्रार झाली. बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीपुढे दोन आरोप होते: बँड घालून सभा घेतली आणि सरकारविरोधी बोलून मजुरांना भडकवलं. दोन्हींची लेखी माफी मागितली तर वकिलीची सनद वाचणार होती. माफीनामा मीच टाईप केला. माधवीने तो वाचला आणि दुसरा परिच्छेद खोडला.

"बँडची चूक झाली, मागते माफी. बोलली ते खरं होतं. त्याची काऊन मागू?"

"सनद जाईल, बाई!" मी ओरडलोच. राग आला होता मला. भीतीही वाटत होती.

सनद सहा महिने निलंबित झाली. मजुरांचं प्रकरण माझ्याकडे आलं.

तारखेला ती साध्या साडीत, रुखमाजवळ, मागच्या बाकावर बसली. न्यायाधीशांनी विचारलं, "मजुरांना का काढलं, असं तुमचं म्हणणं आहे?" मी समोरच्या बाकाकडे पाहिलं. कंपनीचे वकील माझे रोजचे चहाचे सोबती.

"युनियन काढली म्हणून, साहेब," मी म्हणालो. आवाज स्वप्नातल्यासारखा, दुसऱ्याच कोणाचा वाटला.

मागे वळून पाहिलं. माधवी ओठ घट्ट मिटून रडत होती. तोंड बंद ठेवण्याची शिक्षा तिला सहा महिन्यांची होती. मी ती वकिलीची बावीस वर्षं आपखुशीने भोगत आलो होतो.