टेबल उठायच्या आत

"टेबल हाये का?"

शर्यत संपवून आला की त्याचा पहिला प्रश्न हा. पाणी नको, बसायला जागा नको, आधी टेबलाचं सांगा. आणि मी दरवेळी तेच सांगायचो, "गेलं, भाऊ. आताच गेलं." त्यातला 'आताच' माझ्या पदरचा. टेबल जाऊन बहुतेक वेळा तास उलटलेला असे.

तो अमरावतीच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होता, म्हणजे समन्स बजावणारा. मी तिथेच नाझराच्या, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनाच्या, हाताखाली कारकून. त्याची समन्सं मी लिहायचो आणि त्याची थट्टाही मीच करायचो. दोन्ही कामं मी मन लावून केली, हे कोणीही सांगेल.

आमच्या भागातल्या त्या काळच्या शर्यती तुम्ही पाहिल्या नसतील तर सांगतो. शेवटच्या रेषेपाशी एक टेबल, टेबलावर रजिस्टर आणि रजिस्टरमागे मंडळाचा सेक्रेटरी. पहिल्या तिघांना कप आणि नारळ. बाकीच्यांचं नाव रजिस्टरात 'पोचला' म्हणून लिहायचं. टेबल कुठल्या तरी शाळेतून मागून आणलेलं, त्यामुळे शाळेचा शिपाई ते परत न्यायला टपलेलाच. सेक्रेटरीनं खाली सही ठोकली, शिपायानं टेबल उचललं, की शर्यत खलास. त्यानंतर तुम्ही आलात काय आणि न आलात काय, कुत्रंही विचारत नाही.

आमच्या बेलिफाला पंचेचाळिशी उलटल्यावर हे वेड लागलं. खाकी अर्धी चड्डी, टायरचा तळवा ठोकलेले कॅनव्हासचे बूट आणि कमरेला मेणकापडात बांधलेली समन्सं. होय, शर्यतीतसुद्धा!

"भाऊ, ते कागद तरी घरी ठेवा ना," मी म्हणायचो.

"मानूस कुठी भेटन, काय सांगता येते?"

"पन पयता कायले या वयात?"

"वीस वर्सं लोकं माह्यापुढं पयून राहिले, बाबू. आता मी पयून पाहतो."

हे त्याचं लोकांसाठीचं उत्तर. खरं उत्तर त्यानं मला एकदाच दिलं, रेकॉर्डरूमच्या पायरीवर डबा खाताना. "वीस वर्सं मी दुसऱ्याईची नावं पोचवून राहिलो. माहं नाव कोन्या कागदावर नाई. एका रजिस्टरात 'पोचला' म्हनून पायजे. बस. कप त्याईच्या घरी राहू दे." मी हसणार होतो, त्याऐवजी माझ्या डब्यातली चटणी त्याच्यापुढं सरकवली.

तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. समन्स घेऊन गावात गेला की काही घरी त्याला ओसरीवर चढू देत नसत. हा अंगणात उभा राहून खणखणीत आवाजात आख्खं समन्स वाचायचा, शेजारपाजार गोळा होईपर्यंत. मग मालक झक मारत खाली उतरायचा. अंगठा घ्यायचा असला तर हा त्या माणसाचा हात स्वतःच्या हातात घेई, शाईत बुडवी आणि सावकाश, फार सावकाश कागदावर टेकवी. "पानी नाई देत लेकाचे," तो मला म्हणायचा, "पन हात त द्याच लागते!"

आणि एक. 'इसम घरी मिळून आला नाही' असा खोटा शेरा त्यानं कधी मारला नाही. बाकीचे बेलिफ चहाच्या टपरीवर बसून गावंच्या गावं बेपत्ता करायचे. हा मात्र जायचाच.

तर त्या वर्षीच्या शर्यती. पहिली बडनेऱ्यापर्यंतची, पंधरा ऑगस्टला. पावसानं रस्त्याचं लोणी झालेलं. हा पोचला तेव्हा टेबल गेलं होतं, झेंडा होता. झेंड्याला सलाम करून परत आला.

दुसरी कार्तिकात, तिवशाकडून कौंडण्यपुराला, ऐन जत्रेत. रस्ताभर बैलगाड्या. हा गाड्यांच्या मधून वाट काढतोय आणि गाडीवाले विचारतायत, "कोनाच्या मांगं लागला, बेलिफसाहेब?" शेवटाला आला तर टेबल होतं! गडी हरखून पुढं धावला. पण त्यावर हलवायानं जिलेब्या मांडल्या होत्या. "नाव लिवा," हा म्हणाला. हलवाई म्हणाला, "किती देऊ? पावशेर?" हे मी कोर्टात सगळ्यांना करून दाखवलं. साहेबांच्या पट्टेवाल्यालाही दोनदा.

तिसरी परतवाड्याची. तीत त्याच्या बुटाचा तळवा निघाला. चौथीत काय झालं ते मी सांगत नाही, पोटाचं प्रकरण होतं.

पाचवी आणि वर्षाची शेवटची, बाळापूर ते अकोला. सोळा मैल. या शर्यतीसाठी तो तीन महिने रोज पहाटे धावला. शनिवारी संध्याकाळी मला म्हणाला, "बाबू, तू अकोल्याले बी ये. टेबल हलू देऊ नको." थट्टा करायची सोय नव्हती, असा चेहरा होता. रविवारी सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला गेलो.

आता इथं एका पाटलाची ओळख करून द्यावी लागेल. अमरावतीजवळच्या एका गावचा हा पाटील. एका म्हातारीच्या शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा दावा चालू होता, त्यातला हा मुख्य साक्षीदार. साक्ष द्यायची नाही म्हणून आठ महिने समन्स चुकवत होता. एकदा गोठ्यातून पळाला. एकदा तर कहर केला. बेलिफ दारात दिसताच आत निजला, अंगावर पांढरी चादर घेतली आणि बायांनी गळा काढला. बेलिफानं टोपी काढली आणि अंगणात गप बसून राहिला. तास झाला, दोन तास झाले. बेलिफ उठेना म्हणून बायांना रडणं थांबवता येईना. शेवटी प्रेत शिंकलं! पण तेवढ्यात आतून कडी लागली आणि याची शेवटची एस. टी. निघायची वेळ झाली. दारावर समन्स चिकटवून मोकळं होता आलं असतं. पण म्हातारी दर तारखेला याच्याकडे बघत बसायची, म्हणून याला ते हातातच द्यायचं होतं.

तर शर्यतीच्या दिवशी हा चांगला धावत होता. मागं चौघंजण होते, चौघं! बारा मैल झाले होते. व्याळं गाव मागं पडलेलं, अकोला पुढं. आणि रस्त्याकडेच्या टपरीवर बशीत चहा ओतून पाटील बसलेला. सोयऱ्याकडे आला होता. दोघांची नजरानजर झाली. पाटलानं बशी टाकली आणि धोतर वर करून कपाशीच्या पऱ्हाटीत घुसला.

सरळ धावत राहिला असता तर? पोचला असता. मी आजही हिशोब करतो, अर्धा तास राखून पोचला असता. पण हा वळला. बारा मैल धावलेला माणूस वाळलेल्या पऱ्हाट्या तुडवत पाटलामागं निघाला.

पाटील एका विहिरीपाशी सापडला. धापा टाकत म्हणाला, "अबे, तुही शर्यत चालू हाये ना? पय ना बाप्पा!"

"तुमची सही झाली का पयतो," हा म्हणाला, आणि मेणकापड सोडलं.

इकडे अकोल्यात मी टेबलावर चढून बसलो होतो. अक्षरशः. शिपाई टेबलाचा एक पाय ओढतोय, मी दुसरा पाय घट्ट धरून. "उतरता का पोलीस बोलावू?" "बोलावा! मी कोर्टाचा मानूस हावो!" सेक्रेटरी बिचारा चष्मा पुसत उभा. तासभर थांबला. शेवटी त्यानं रजिस्टरात सही केली, पण माझ्याकडे बघून टेबल मात्र राहू दिलं.

मग तो आला. लंगडत, पायांना पऱ्हाटीचे ओरखडे, पण धावतच. मला टेबलावर बघितलं आणि त्याचं तोंड असं फुललं की मला रडू फुटलं. लाज काय सांगायची! सेक्रेटरीनं रजिस्टर उघडलं, पेन काढलं. "बोला, नाव काय?"

हा वाकला. रजिस्टर बघितलं. "सही झाली ना वो?"

"झाली. पण खाली लिहितो, काही बिघडत नाही."

"नाई. सहीच्या खाली नाव नाई चालत. खाडाखोड होते ते."

"भाऊ, येडे झाले का?" मी ओरडलो. "साऱ्या दुनियेचं चालते!"

"आपल्या कोर्टात चालते का? नाई ना? मंग." आणि मला म्हणाला, "उतर खाली. त्याचं टेबल हाये, नेऊ दे त्याले."

अकोल्याहून परतताना मी त्याला गाडीभर शिव्या दिल्या. तो पायातले काटे काढत ऐकत होता.

सोमवारी वेगळीच गंमत. समन्स बजावलं रविवारी, सुटीच्या दिवशी, दुसऱ्या जिल्ह्यात. नाझरानं बजावणी बेकायदा ठरवून उलट याच्याकडूनच खुलासा मागवला. खुलासा मीच लिहून दिला. शर्यत गेली, समन्सही गेलं. पण पुढच्या तारखेला पाटील आपल्या पायानं कोर्टात हजर. साहेबांनी विचारलं, कसे काय आलात? पाटील बेलिफाकडे बोट दाखवून म्हणाला, "याच्यापासून कुठी पयाव, साहेब?" पाटलाची साक्ष झाली, म्हातारीचा धुरा तिचा तिला मिळाला.

पुढच्या मे महिन्यात तो समन्स घेऊन चांदूरकडे पायी गेला आणि त्याला ऊन लागलं. लोकांनी बैलगाडीतून आणलं, तोवर संपलं होतं. कमरेच्या मेणकापडातल्या कागदांवर सह्या झालेल्या होत्या, सगळ्या. ते कागद मी दाखल करून घेतले. माझ्या हातून त्या दिवशी शाई सांडली.

त्यानंतरच्या बाळापूर ते अकोला शर्यतीच्या दिवशी मी अकोल्याला गेलो. कशाला, ते विचारू नका. तेच सेक्रेटरी होते. मला बघून जरा बिचकले, टेबलाच्या काळजीनं असेल. मग म्हणाले, "तुमचे ते नाही आले या वर्षी?"

मी सांगितलं.

शेवटचा धावणारा आला, त्याचं नाव लिहून झालं. शिपाई टेबलाला हात लावायला आला, त्याला त्यांनी नुसती मान हलवून थांबवलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. एक टांगा गेला, एक सायकलवाला गेला. बराच वेळ आम्ही दोघं रस्त्याकडे बघत राहिलो.

मग त्यांनी पेन उघडलं, शेवटच्या नावाखाली एक ओळ कोरी सोडली आणि तिच्या खाली सही केली.

कोर्टात असं चालत नाही. मी टीपकागद पुढं केला.