वरची पुडी

बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मुकादमाशी भांडत होते. बहात्तरचा दुष्काळ होता. गावच्या माळावर खडी फोडायचं काम निघालं होतं. मुकादम माझी खडी मापताना लाकडी पेटी पायानं हलवून हलवून भरत होता, म्हणजे खडी दबावी आणि माप कमी भरावं. मी पेटी त्याच्या पुढ्यात उलटी केली आणि म्हणाले, आता मी भरते, तुम्ही नुसतं बघा. पोरांना सुकडी वाटायला आलेल्या ग्रामसेविका बाई हातात पळी धरून ते सगळं ऐकत होत्या. दुपारी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "हे तोंड दगडावर कशाला वाया घालवतेस? विकायला शीक."

मला विकायला शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर कळंबकडचं. आई तिथल्या बाजारात वाळक्या मिरच्या घेऊन बसायची आणि मी तिच्या पाठीला टेकून गिऱ्हाइकाचे पाय बघत असायचे. भाव ऐकून ज्याचे पाय वळतात पण टाचा हलत नाहीत, तो परत येतो. हे मला अक्षर ओळखण्याआधी कळत होतं. पण "तुला येतं, ते कर" असं मला तोवर कुणी म्हणालं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी बाईंच्या मागं लागले.

पाऊस झाला, माळ हिरवा दिसू लागला, आणि बाईंनी गावात महिला मंडळ काढलं. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी करायची आणि नवरात्रात तुळजापुरात विकायची, असं ठरलं. आज हे सोपं वाटतं. तेव्हा आम्हाला बसायला जागा नव्हती, तागडी नव्हती, शेंगदाणा उधार कुणी देत नव्हतं. बाईंनी सोसायटीच्या गोदामामागची खोली आणि तिथलीच तागडी मिळवली. खरेदी-विक्री संघातून शेंगदाण्याची पोती विक्री होईपर्यंतच्या बोलीवर आणली. उस्मानाबादला नेऊन आम्हाला प्लॅस्टिकची पिशवी मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवायला शिकवलं. ज्योत जरा जवळ गेली की पिशवी सुरकुतायची आणि खोलीभर कडू वास सुटायचा. त्या वासात भाजलेल्या शेंगदाण्याचा आणि लसणाचा वास मिसळलेला असे. अजून कुठं मेणबत्ती विझली तरी मला तोंडाला चटणीची चव येते.

पंचायत समितीच्या कचेरीत बाई आमच्यासाठी तासन् तास बसून राहत. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, म्हणून मला ते भांडण वाटायचंच नाही. पण येताना त्या काहीतरी घेऊनच यायच्या.

एके दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना गोल बसवून फरशीवर शेंगदाण्याचे ढीग केले. एका पिशवीची किंमत कशी होते ते सांगायला. हा शेंगदाण्याचा, हा मिरची-लसणाचा, हा जळणाचा, हा पिशवीचा. एक ढीग उरला. हा कुणाचा, असं त्यांनी विचारलं.  एक म्हणाली, सोसायटीचा असंल. दुसरी म्हणाली, नवऱ्याचा. आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा तुमच्या हातांचा."

आपल्या हातांचा वेगळा ढीग असतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यासाठी मी बाईंना आजही मानते. पण त्याच ढिगावरून त्यांनी नियम काढला की भाव एकच. कमी-जास्त नाही. शाळेच्या मास्तरांकडून तशी पाटी रंगवून घेतली. मी म्हणाले, बाई, जत्रेतलं गिऱ्हाईक काहीतरी जिंकल्याशिवाय उठत नाही. बाई म्हणाल्या, भाव ठरलाय. मी गप्प बसले, कारण विक्रीला तूच बसायचं, असं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मला दुसरं काही नको होतं. चुलीपुढं आणि उखळापाशी जन्मभर बसलेच होते. मला माणसांपुढं बसायचं होतं.

तुळजापुरात महाद्वाराकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमची ताडपत्री होती. पहिल्या दिवशी उजाडता उजाडता मी पाणी शिंपडून, पिशव्या मांडून बसले. एक म्हातारी आली. गुलबर्ग्याकडून चालत आलेली, तळव्यांना भेगा, डोक्यावर बोचकं. तिनं पिशवीचा वास घेतला, भाव विचारला आणि आपला भाव सांगितला. मी पाटीकडं बोट केलं. तिला वाचता येत नव्हतं. ती उठली. पाय वळले, आणि या वेळी टाचाही हलल्या.

दिवसाची पहिली विक्री, भवानी, हातातून जाऊ द्यायची नसते. पहिलं गिऱ्हाईक रिकामं परतलं की दिवसभर बाजार रुसतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी हाक मारली, "ये अव्वा, घेऊन जा." तिनं सांगितलेल्या भावात पिशवी दिली, पैसे कपाळाला लावले. वळून पाहते तर मागं बाई उभ्या.

"पाटी कशाला लावलीय?" त्यांनी विचारलं.

"भवानी हाय बाई. पैलं गिऱ्हाईक कोण माघारी लावतं व्हय?"

"तू काय कमी केलंस माहीत आहे? दुकानाचं काही नाही केलंस. मागं कुटत बसल्यात त्यांच्या हातांचं कमी केलंस. त्यांना विचारलं होतंस?"

मागं उखळावर हात थांबले होते. कोंडीत सापडले की मी आवाज चढवते. माझं तोंड बघून मला आणलं आणि आता तेच तोंड शिवून टाका म्हणता, असं काहीबाही बोलले. भोवती चार यात्रेकरू जमले. बाईंनी मला हाताला धरून उठवलं आणि मंडळाच्या चेअरमन बाईला बसवलं. मला कुटायला पाठवलं.

चेअरमन बाई म्हणजे पाटलाची सून. स्वभावानं गरीब, घराण्यामुळं चेअरमन झालेली. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की ती पदराचं टोक चावायची आणि पाटीकडं बघायची. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जायचं. मी मागून प्रत्येकाचे पाय बघत होते. माझं मुसळ इतक्या जोरानं पडत होतं की शेजारचा प्रसादवाला म्हणाला, मावशी, चटणी करताय का पीठ?

सगळा दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही तेच. पिशव्या विकल्या नसत्या तर संघाच्या पोत्यांचं देणं अंगावर पडणार होतं आणि ती खोली, ती तागडी, सगळं परत जाणार होतं. बाईंनी सकाळपासून चहा घेतला नव्हता.

जेवायला बसलो. आम्ही उखळाला चिकटलेली चटणी भाकरीनं पुसून खायचो, ती कुणाच्या मापात नव्हती. पुसता पुसता माझा हात थांबला. मी सगळ्यांना म्हणाले, ही चटणी आपली हाय का न्हाय? त्या म्हणाल्या, आपलीच. मी म्हणाले, मग ही आपण गिऱ्हाइकाला देऊ. भाव तोच, पण वर एक पुडी. कागदात चिमूटभर, हातावर ठेवायची. माणसाला वाटतं, म्या काहीतरी काढून घेतलं. उद्यापासून आपण कोरडी भाकरी खाऊ.

एकीनं तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "माझं कालवण पर तू आणायचं." बाकीच्या हो म्हणाल्या. मी बाईंकडं वळून म्हणाले, "ह्या येळी विचारलंय बगा सगळ्यांना."

बाई उठल्या. मग त्यांनी स्वतः जुनं वर्तमानपत्र घेतलं आणि त्याचे लहान लहान चौकोन फाडायला लागल्या.

त्या दिवसापासून पिशव्या जायला लागल्या. कोजागरीला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून चालत आलेल्या लोकांचा लोंढा लागला तेव्हा आम्हाला कुटायला उसंत मिळेना. म्हाताऱ्या हात पुढं करून उभ्या राहायच्या, पुडी मिळाली की हसायच्या. पण पुडी द्यायला चेअरमन बाईच बसली होती. मला पुढं बोलावलं नाही. मी वाट पाहिली, मागितलं नाही.

पुढं तालुक्याला सभा झाली. साहेब लोक आले होते. बाईंनी उभं राहून आमच्या मंडळाचं काम सांगितलं, पुडीचंही सांगितलं. म्हणाल्या, ही युक्ती मंडळानं काढली. टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारी बसलेली आमच्यातली एक माझ्या कमरेला कोपर लावून म्हणाली, "मंडळा, टाळी तरी वाजव की." मी हात मांडीखाली दाबून बसले.

पुढच्या नवरात्रात मी मंडळात नव्हते. मला तुळजापुरात माझं दुकान हवं होतं. बँकेतला माणूस कर्जासाठी नवऱ्याला घेऊन या म्हणाला, तेव्हा मी त्याच्याशीही भांडून आले. मग कुणीतरी सांगितलं, बाई बँकेत जाऊन सकाळपासून बाकावर बसल्यात. मी त्यांना सांगितलं नव्हतं. कर्ज झालं. मी आभार मानले नाहीत, त्यांनी विचारलं नाही.

बाईंची बदली झाली आणि मंडळ हळूहळू विस्कटलं. खोलीत पुन्हा खताची पोती आली. मंडळातल्या दोघी नंतर माझ्या दुकानात कुटायला आल्या. त्यांच्या हातांचा ढीग मी वेगळा काढला, त्यात कधी हात घातला नाही. संध्याकाळी आम्ही त्या ताडपत्रीखालच्या दिवसांबद्दल बोलायचो. सगळ्यात जास्त हसू त्या कोरड्या भाकरीचं यायचं. तेवढी गोड भाकरी नंतर आम्ही खाल्ली नाही, असं एक म्हणायची, आणि मी तिला गप्प बस म्हणायचे, कारण ते खरं होतं.

बाई रिटायर झाल्यावर एकदा तुळजापूरला आल्या. सकाळी मी पाणी शिंपडत होते. बाईंचे केस पांढरे झालेले, खांद्याला कापडी पिशवी. चौकशा झाल्या. मग त्यांनी चटणीची पिशवी उचलली, भाव विचारला आणि तेवढेच पैसे पुढं ठेवले.

"भवानी हाय बाई," मी म्हणाले. "तुमी काय तरी कमी करून मागा."

"भाव ठरलाय ना?"

मी थोडे पैसे परत सरकवले. त्यांनी ते पुन्हा माझ्याकडं सरकवले. दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी चिडले. शेवटी पैसे कपाळाला लावून गल्ल्यात टाकले. बाई मात्र जाईनात. पायरीवरच उभ्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "आणि वरची पुडी?"

मी पुडी बांधली. त्यांच्या हातावर ठेवताना मला राहवलं नाही. इतकी वर्षं दाताखाली धरलेलं होतं ते विचारलं, "ही युक्ती कुणाची बाई?"

त्यांनी पुडी पिशवीत नीट तळाशी ठेवली, वर रुमाल ठेवला.

"मंडळाची," त्या म्हणाल्या, आणि एसटी स्टँडकडं चालू लागल्या.

मी त्यांच्या टाचांकडं बघत राहिले. पुडी परत मागून घ्यावी असंही मनात आलं. त्या भवानीवर गिऱ्हाइकांची रीघ दिवे लागेपर्यंत तुटली नाही. बाईंना मात्र मी ते कधी कळवलं नाही.