बहिणीचा ताप

मी कॉलेजात असताना माझ्या धाकट्या बहिणीला ताप आला, गळ्याला गाठी आल्या. आम्ही एकाच ताटात जेवायचो, त्यामुळे मागोमाग मीही आजारी पडले. दोघी बऱ्या झालो आणि विसरून गेलो. काही वर्षांनी माझे पाय बधिर झाले, एका डोळ्यानं धूसर दिसू लागलं. तपासणीत मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार निघाला. त्या जुन्या तापाच्या विषाणूशी या आजाराचा संबंध असू शकतो, असं बहिणीनं मोबाइलवर वाचलं आणि ती रिसोडहून रडतच आली.

"ताई, माह्या तापानंच तुले हे झालं."

पुढच्या तपासणीला मी तिलाच सोबत अकोल्याला नेलं. डॉक्टर मॅडम तिला म्हणाल्या, "संबंध दिसतो खरा. पण तो विषाणू बहुतेक सगळ्यांच्याच अंगात असतो, माझ्याही असेल. आजार मात्र फार थोड्यांना होतो. तो विषाणू तुझ्याकडून नाही, तर दुसऱ्या कोणाकडून आला असता."

बहिणीनं पदरानं डोळे पुसले. "म्हंजे मी फुकटच रडून राह्यली होती?"

मॅडमसकट आम्ही सगळ्या हसलो.

औषधानं आता मी बरी चालते. अकोल्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या मळ्यात वांगी तोडताना मी थकले, तर बहीण म्हणाली, "तू बस बांधावर, मी तोडतो." आणि गाणं म्हणत ती वाफ्यात शिरली.