वावटळ दिसली होती

आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी सांगून टाकतो. आमच्या साडूंचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं उड्डाण मी एका वाक्यात खाली आणलं, आणि ते वाक्य खोटं होतं. आता साडूंविषयी. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांवर मिळून जेवढं आभाळ आहे, तेवढं सगळं या एका माणसाने वापरलं असेल. बाकीचे आम्ही नुसते त्याच्याखाली राहिलो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आटपाडीच्या पुढे, जतच्या अंगाला त्यांची वस्ती. घराणं पूर्वी मेंढरांमागे हिंडणारं, आता डाळिंबात स्थिरावलेलं. फौजेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण आमच्याकडे पेन्शनीवर आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्यामुळे हेही मेजर. फौजेतच ते हँग ग्लायडिंग शिकले आणि पुढे कुणाकडून तरी एक जुना ग्लायडर मिळवून घरी घेऊन आले. भलामोठा तिकोनी कापडी पंख, त्याखाली धरायला नळ्यांची चौकट, आणि पोटावर आडवा टांगलेला माणूस. गावाने त्याला 'मेजरचं पाखरू' म्हणायला सुरुवात केली. कुपवाडला माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. एका वाकलेल्या नळीच्या जागी नवी नळी बसवायला म्हणून साडू तिथं आले, चहा प्यायले, आणि जाताना मला त्यांच्या मागोमाग जमिनीवरून जीप हाकणारा माणूस करून गेले. मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

या पाखराला इंजिन नाही. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा खांब वर चढतो, त्यात शिरून गोल गोल फिरत राहायचं, उंची मिळाली की पुढं सरकायचं आणि दुसरा खांब शोधायचा, असा सगळा कारभार. पुस्तकात त्याला थर्मल म्हणतात, साडू त्याला 'उठाव' म्हणत. या उठावापायी त्यांची जगाकडं बघायची नजरच फिरली होती. साडूंच्या पुतणीसाठी मुलगा बघायला सगळे गेलो होतो. पोहे झाले, मुलाचं शिक्षण-नोकरी विचारून झालं, तरी साडू अंगणात मान वर करून उभे. परतताना अक्कांनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, गाडीत विचारलं, "आवं, पोरगा कसा वाटला?" साडू म्हणाले, "पोरगा बरा हाय. पर त्यांच्या पत्र्यावरनं उठाव काय झकास निघतोय गं! दोन घारी चढल्या माझ्यादेखत." लग्न तिथंच झालं, आणि ते त्या घारींमुळेच जमलं असं साडू आजही मानतात.

उसावर त्यांचा राग होता. भिजलेलं हिरवं रान तापत नाही, म्हणून उसावर आभाळ मेलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. कराडकडचे पाहुणे आपल्या उसाचं कौतुक सांगू लागले की हे खेदाने मान हलवत, जणू त्यांच्या घरात कुणी आजारी आहे. त्यांच्या गावाला कालव्याचं पाणी आलं तेव्हा माणसं रडली. साडूंनी स्वतः पेढे वाटले, आपल्या डाळिंबालाही पाणी घेतलं, आणि मला बाजूला ओढून हळूच म्हणाले, "झालं पावणं. आता आमच्या बी आभाळाला नजर लागली." ऐन एप्रिलात ते लोकरीची माकडटोपी घालून उड्डाणाला निघत, कारण वर थंडी असते. म्हसवडच्या स्टँडवर त्या टोपीत उसाचा रस पिताना त्यांना बघून एका म्हातारीने मला विचारलं होतं, "डोक्याचं दुखणं जुनं हाय का वो?"

माणूस मात्र मनाने फार मोठा. एकदा त्यांनी मलाही उतारावर पंखाखाली उभं केलं. "पळायचं आन् पळतच ऱ्हायचं, जमीन आपसूक सुटती." मी पळालो. जमीन सुटायच्या जागी आल्यावर पाय रोवून उभा राहिलो. खाली माझी बायको होती, भाचे होते, मेंढरं राखणारी पाचसहा माणसं होती. कुणी हसायच्या आत साडू ओरडले, "मीच थांबवलं रं त्यांला! वारा फिरला!" वारा फिरला नव्हता. ते मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि बायकोच्या तोंडाकडं बघितल्यावर कळलं की तिलाही. त्यांनी माझी चेष्टा केली असती तर मी चार दिवसांत विसरलो असतो. ही मेहेरबानी मात्र माझ्या घशात अडकून राहिली.

अक्कांनी नवऱ्याला उडताना कधीच बघितलं नव्हतं. "माळावरनं उड्या मारताना बघायला मला न्हेऊ नका," त्या म्हणत. "दारात उतरून दाखवा, मग बघीन." साडूंनी हे शब्द मनावर घेतले. माण तालुक्यातल्या डोंगरावरून निघायचं, आणि उठावामागून उठाव पकडत थेट घरच्या रानात उतरायचं. किती उन्हाळे गेले, कधी हवा नसायची, कधी वारा उलटा. मग एका एप्रिलात तो दिवस आला. आभाळात ढगांचे कापशी पुंजके एका ओळीत लागले होते, म्हणजे खाली उठावांची रांगच. साडूंनी म्हसवडच्या सिद्धनाथाला हात जोडले, फोनवर अक्कांना "येतोय" एवढंच सांगितलं आणि कड्यावरून गेले.

तसं उड्डाण मी पुन्हा बघितलं नाही. थोड्या वेळात ते घारीएवढे झाले, मग ठिपक्याएवढे. मी जीपमधून मान बाहेर काढून त्यांच्या मागे. माझं काम एकच. जमिनीवर वावटळ दिसली की वॉकीटॉकीवर सांगायचं, कारण वावटळीच्या डोक्यावर उठाव असतो. वरून मधूनमधून आवाज यायचा, "पावणं, जेवून घ्या वो कुठंतरी. आमचं मस्त चाललंय. ओवर." इकडे बायकोचा वस्तीवरून फोन आला. अक्कांनी जोंधळ्याचं मोकळं रान झाडून घेतलंय, शेरडं दावणीला बांधलीत, ओवाळायचं ताट घेऊन उभ्या आहेत. शेवटी ती हसत म्हणाली, "बघा, माणूस असावा तर असा."

आटपाडी गाठेपर्यंत साडू बरेच खाली आले होते. पंखावरची ठिगळं दिसू लागली. "पावणं, उंची संपत आली. खाली काय हाय का? वावटळ, घारी, काय बी? ओवर."

वावटळ होती. त्यांच्या पाठीमागच्या अंगाला, नांगरून टाकलेल्या काळ्या रानात, पाचट आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या गरगरत वर चालल्या होत्या. मी बटण दाबलं. ते पडावेत असं माझ्या मनात नव्हतं, हे देवाशपथ सांगतो. एवढंच वाटलं, की आज यांनीही पाय रोवावेत. मी म्हणालो, "काय न्हाई मेजर. सगळं गप हाय."

"बरं. गप तर गप. उतरतो. ओवर."

ते एका पडीक रानात अलगद उतरले. घर तिथून सात-आठ मैलांवर. मी पोचलो तेव्हा माकडटोपी काढून घाम पुसत होते. "आधी तिला फोन लावा," म्हणाले, "म्हणावं, सावलीला बस आता." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी होता म्हणून बरं गड्या. दुसऱ्यानं उगंच आशा लावली असती."

वस्तीवर गेलो तेव्हा अक्का रानातच उभ्या होत्या. ताटातलं निरांजन विझलेलं. "जीपमधनं उतरायला एवढी तयारी कशाला करायला लावली वो?" असं म्हणून त्यांनी साडूंना तसंच, विझल्या ताटाने ओवाळलं. साडू लाजून हसले. दिवसभर वर बघून अक्कांची मान अवघडली होती. बायको रात्री तिला तेल चोळत होती, आणि मी अंगणात पाठ करून बसलो होतो.

तसा दिवस पुन्हा आला नाही. पुढे साडूंचा गुडघा गेला, डॉक्टरांनी उड्डाण बंद केलं. पाखरू गोठ्याच्या आढ्याला गुंडाळून टांगलंय, चिमण्यांनी त्यात घर केलंय. संध्याकाळी साडू खाटेवर पडून घारी मोजतात. पाहुणा आला की तो दिवस रंगवून सांगतात. शेवटी ठरलेलं वाक्य असतं, "हवाच संपली, त्याला कोण काय करणार? आमच्या पावण्यांना इचारा, ते खालीच हुते." सगळे माझ्याकडं बघतात, मी मान हलवतो. मागच्या खेपेला अक्का ताटात भाकरी वाढता वाढता सहज म्हणाल्या, "बाकी सगळं बघून झालं बाई. ह्यांला उडताना तेवढं बघायचं ऱ्हायलं." साडूंनी भाकरीचा तुकडा मोडला. मीही मोडला.

हे छापून त्यांच्यापर्यंत जाईल, कुणीतरी वाचून दाखवेल. पण तेवढ्याने भागत नाही. त्या दोघांच्या समोर बसून, साडूंच्या डोळ्यांत बघून, हवा होती, मीच खोटं बोललो, हे माझ्या तोंडाने सांगणं मी त्यांचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.