सीताफळीच्या बुंध्याची माती

धारूरच्या डोंगरातल्या माणसाला सीताफळाचं काय शिकवता, असं राधाकिशनतात्या कुणालाही तोंडावर विचारायचे. आणि त्यांच्याच बागेतलं फळ दरसाल झाडावर काळं पडून गळत होतं! फवारण्या करून करून तात्या थकले. शेवटी त्यांनी घरात सांगून टाकलं, यंदा बाग तोडायची.

बाग लावली होती त्यांच्या बायकोनं, तुळजाबाईंनी, डोक्यावरून घागरी वाहून. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. लेक सत्यशीला अंबाजोगाईच्या कॉलेजात बुरशीवर संशोधन करते. तिला हे कळलं तशी ती तडक गावी आली. आई तर गेलीच, आता तिची झाडंही जाणार? तिनं वडिलांच्या हातापाया पडून पुढच्या हंगामापर्यंत मुदत मागितली आणि बागेतली बांधावरची आणि बुंध्याजवळची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून नेली. गाव हसलं. एवढी शिकली आणि माती गोळा करत हिंडती म्हणे!

हसू देत. सत्यशीलेनं ती माती उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळली, ते पाणी पुन्हा पुन्हा पातळ केलं आणि त्याचे थेंब काचेच्या बशांमध्ये, बटाट्याच्या रसाच्या थिजवलेल्या थरावर पसरले. मातीतली एकेक बुरशी सुटी उगवावी, मोजता यावी, म्हणून हा सगळा खटाटोप. बांधावरच्या मातीच्या बशीत तुरळक ठिपके उठले. बुंध्याजवळच्या मातीच्या बशीत मात्र करड्या बुरशीची नुसती झुंबड. मोजता मोजता तिचे डोळे दुखून आले. तीच बुरशी तिनं चांगल्या फळाला लावून बघितली. फळ तसंच काळं पडलं.

पण बुंध्याशीच एवढी का? कारण आठवलं तशी ती बशांसमोर बसून रडली. झाडाचं झाडाला द्यावं, ही तुळजाबाईंची रीत. सडकं फळ त्या कधी बागेबाहेर टाकत नसत, बुंध्याशी उकरून पुरत. त्यांच्यामागं तात्यांनी ती रीत देवपूजेसारखी सांभाळली होती. आता हे त्यांना सांगायचं कुणी?

तिनंच सांगितलं. बशा घेऊन बागेत आली आणि काही न लपवता सगळं बोलली. तात्यांनी एकेक बशी उजेडात धरून बघितली.

"म्हंजी ही कीड मीच पुरत आलो," ते म्हणाले.

 मग तात्या उठले, पाटी घेतली आणि खाली पडलेलं फळ वेचायला लागले.

"तुझ्या आईला कळलं असतं, तर तिनंच पयली पाटी उचलली असती," ते म्हणाले.

सगळी सड बागेपासून लांब, खोल खड्ड्यात गेली. झाडांभोवतीची आळी उकरून उन्हात तापवली, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या. पुढच्या हंगामात सत्यशीलेनं पुन्हा मोजणी केली. बुरशी संपली नव्हती, पण बशीत ठिपके कमी होते, आणि झाडावर चांगलं फळ दिसत होतं.

एक दिवस तात्या स्वतः अंबाजोगाईला आले. उपरण्यात बांधून आणलेलं, डोळे उघडलेलं, पिकलेलं एक सीताफळ त्यांनी लेकीच्या हातावर ठेवलं. तिनं फोडलं. आत पांढराशुभ्र गर. खाताना तिचे डोळे भरून आले.

तात्यांनी तिच्यापुढं उपरणं पसरलं. "बिया टाकू नको," ते म्हणाले, "रोपं करायची हायत."