फ्युएल पंपावरचे ओले फडके

माझी सारी नोकरी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. करणी, उतारा, अंगात येणे असले विषय वर्गात निघाले की मी एकच प्रश्न विचारत असे — "हे पाहिले कोणी, आणि पाहण्यापूर्वी त्याला काय सांगितले गेले होते?" एवढ्याने बहुतेक भुते खाली बसत. पुढची हकिकत वाचताना वाचकांनी हाच प्रश्न मला विचारावा. मी स्वतःला तो अनेकदा विचारला आहे...

माझी थोरली बहीण — आम्ही तिला ताई म्हणतो — अकोल्यात एकटी राहते. भाऊजी वकील होते. ते गेल्यावर त्यांची जुनी पेट्रोल मोटार माझ्याकडे आली. ताईचा एक डोळा पूर्वीच गेला आहे. दुसऱ्याच्या पडद्याला सूज येते आणि ती आवरण्यासाठी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावे लागते. डॉक्टर अमरावतीचे. त्यांनी स्पष्ट बजावले होते, "सर, तारीख चुकवू नका. या डोळ्यातले जे जाईल ते परत येणार नाही." एसटीच्या पायरीवरून ताई एकदा पडली, तेव्हापासून ती बसचे नाव काढू देत नाही. भाड्याच्या गाडीत बसायचे तर चालवणाऱ्याचा चेहरा नीट दिसत नाही म्हणून ती घाबरते. त्यामुळे मी सकाळी अमरावतीहून निघायचे, अकोल्याहून तिला घ्यायचे आणि परत यायचे, असा क्रम ठरला. ताईची नजर त्या मोटारीवर अवलंबून होती.

आणि मोटारीला दोन दुखणी होती. उभी असताना इंजिन थरथरे, अडखळे. आणि तापल्यावर बंद केली की ती पुन्हा सुरू होत नसे. दोन लक्षणे एकदम दिसली की कारणही एकच असावे, असे मानण्याचा मोह होतो. तो टाळावा. मी आधी थरथरीकडे वळलो. कार्बोरेटरजवळच्या रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाबल्या. एक नळी दाबताच इंजिनची थरथर थांबली. तिला बारीक चीर होती आणि तिथून फाजील हवा आत ओढली जात होती. नळी बदलली, थरथर गेली.

दुसरे दुखणे राहिले. सेल्फ नुसता फिरत राही. प्लग काढून पाहिला, ठिणगी उत्तम. म्हणजे दोष विजेचा नव्हता. कार्बोरेटरच्या तोंडात पाहत अॅक्सिलरेटर ओढला, तर पेट्रोलची पिचकारी उडेना. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हते. या जुन्या गाडीचा फ्युएल पंप इंजिनला चिकटून असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ त्याला ढकलता येत नाही. बडनेऱ्याच्या मिस्त्रीचेही हेच निदान होते.

"नवा पंप आता भेटत नाही, सर. गाडी थांबली का पंपावर ओलं फडकं टाका, जराक थांबा, मंग मारा सेल्फ."

मी पाण्याची बाटली आणि एक फडके गाडीत ठेवू लागलो. इथवर सगळे पाठ्यपुस्तकाप्रमाणे होते.

चैत्रात एकदा ताईच्या फाटकासमोर मोटार उन्हात उभी होती. ताई तयार होईपर्यंत बराच वेळ गेला. बाहेर येऊन मी सहज किल्ली फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. आनंद होण्याऐवजी मला संशय आला. बॉनेट उघडले. पंपावर दुहेरी घडी घातलेले पांढरे फडके होते. ओले. पाणी अजून ठिबकत होते. माझे फडके कोरडे, मागच्या सीटवर पडलेले.

तापलेल्या इंजिनवर ओले कापड काही मिनिटांत वाळते. म्हणजे ते कोणीतरी आत्ताच ठेवले होते. पण बॉनेट उघडण्याची दांडी गाडीच्या आत असते आणि गाडीला मी कुलूप लावले होते.

ताईचे शेजारी पुंडलिकराव फुलांची शेती करतात. झेंडू बाजारात नेण्यासाठी ही मोटार त्यांना हवी होती. भेटले की म्हणत, "इकून टाका सर, कायले जीव घालता तिच्यात?" आणि दिवसभर फुलांवर ओली फडकी टाकणारा त्या गल्लीत दुसरा कोण? मी फडके घेऊन थेट त्यांच्या ओट्यावर गेलो.

"बॉनेट तुम्ही उघडलं होतं का, पुंडलिकराव?"

"मी कायले उघडू?"

"हे फडकं ओलं आहे. अशी ओली फडकी तुमच्याकडेच असतात."

त्यांनी ते हातात घेऊन चुरगाळून पाहिले. "हे मांजरपाट हाय. आमी गोनपाट वापरतो. अन् फडकं मी फुलाईवर टाकतो सर, इंजनावर नाही. गाडी बंद पडली तं मले सस्त्यात भेटन. चालू कायले करून देऊ? येडा हाय का मी?"

युक्तिवाद बिनतोड होता. म्हणूनच तो मला आवडला नाही.

पुढच्या खेपेला मी बंदोबस्त केला. प्रश्नपत्रिकांच्या पाकिटाला लावतात तशी कागदाची पट्टी बॉनेटच्या फटीवर डिंकाने चिकटवली आणि तिच्यावर आडवी सही केली. सही अर्धी पट्टीवर, अर्धी पत्र्यावर. मूर्तिजापूरला आम्ही चहाला थांबलो. परत आलो तेव्हा पट्टी जशीच्या तशी, सही जुळलेली. पट्टी फाडून बॉनेट उघडले. पंपावर ओले फडके होते.

ताईला सांगितले तर ती हसत सुटली. "शाळा सुटली तरी पेपरं सील करून राहिला बाप्पा हा!"

"ताई, हसू नको. कोणीतरी आपल्या मागे आहे."

"असन. आपलं काम तं करून राहिलं ना?"

"काहून करून राहिलं, हेच तर पाहायचं आहे."

क्षणभर मला वाटले, भाऊजींचे नाव ती काढील. शेवटी मीच विचारले, "हे भाऊजींना जमलं असतं का?" ताई म्हणाली, "त्यायले? त्यायले सायकलची चैन बसवता येत नव्हती."

ओला कागद अलगद सोडवता येतो, पुन्हा चिकटवताही येतो. तेव्हा पट्टी हा पुरावा नव्हे, असे मी ठरवले. बॉनेटला आणि पुढच्या जाळीला कड्या जोडल्या, साखळी ओवली आणि कुलूप घातले. किल्ली माझ्या खिशात.

वैशाखातल्या त्या दिवशी डॉक्टर दुपारी परगावी निघणार होते. त्याआधी पोचायचे होते. लोणीच्या पुढे ताईला मळमळू लागले. तिने गार पाणी मागितले, मी बाटली दिली, ती रिकामी झाली. कडुनिंबाच्या विरळ सावलीत थोडे थांबून निघायचे म्हणून किल्ली फिरवली... सेल्फ नुसता फिरत राहिला. कुलूप काढून बॉनेट उघडले. पंप हात लावू देईना. फडके नव्हते. माझे कोरडे फडके मी पंपावर झटकले. त्याने काय होणार? ट्रक आणि गाड्या भरधाव जात होत्या. हात केला, कोणी थांबले नाही.

"घड्याळ काय म्हनते?" ताईने विचारले. मी पुन्हा एका ट्रकला हात केला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "सुधाकर, ते कुलूप काढून टाक."

"काढलंय, ताई. पण कागदाने जे अडलं नाही ते कुलपानं का अडावं?"

"कागद म्हंजे तुह्या शाळेचं काम. कुलूप म्हंजे आपन कोनाले तरी म्हनलं, येऊ नको."

मला राग आला. वाद घालायला मात्र वेळ नव्हता. मागे वळणापलीकडे एक ढाबा पाहिला होता. साखळी आणि कुलूप डिकीत टाकले. उघडे बॉनेट पाहून कोणी भलता माणूस ताईपाशी थांबू नये म्हणून ते बंद केले, काचा थोड्या खाली ठेवल्या, दारे लॉक केली आणि रिकामी बाटली घेऊन जवळजवळ पळतच निघालो. वळणानंतर मोटार दिसेनाशी झाली. पाणी मिळताच लगेच फिरलो. रस्त्यात मला कोणी भेटले नाही.

परत येऊन दार उघडले, दांडी ओढली, बॉनेट वर केले.

पंपावर पांढरे फडके होते. दुहेरी घडी. पाणी ठिबकत होते, आणि ते पाणी गार होते. माझ्या हातातल्या बाटलीतले ढाब्याचे पाणी कोमट होते.

"ताई, कोण आलं होतं वं?"

"कोन म्हंजे? तूच तं." मागच्या सीटवर ती सरळ बसली. "बॉनेट कुरकुरलं. मंग तव्यावर पानी पडल्यावानी चर्र झालं. मी म्हनलं, लवकर आला रे! तं तू बोलला नाहीस, बॉनेटवर टकटक केलं."

मिस्त्री लोक असेच करतात. काम झाले की बॉनेटवर थाप मारतात — मारा सेल्फ.

मी सेल्फ मारला. पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झाले आणि एकसुरात, न अडखळता चालत राहिले. ताईला इंजेक्शन मिळाले तेव्हा डॉक्टरांची बॅग टेबलावर तयार होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यातून मी पुंडलिकरावांना फोन लावला. त्यांच्या मागे बाजारातल्या लिलावाचा ओरडा ऐकू येत होता. "पोचले का सर? ताईचं झालं का?" त्यांनी विचारले. मग जरा थांबून म्हणाले, "का हो, आज बी फडकं भेटलं काय? मी तं अकोल्यातच हावो." मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती स्वीकारली की नाही, हे आवाजावरून कळले नाही.

शक्यता मी सगळ्या तपासल्या आहेत. बॉनेटची खिट्टी सैल नाही. मिस्त्रीने ती पाहिली. ताईने आतून दांडी ओढली असेल, तर बाहेर जाऊन फडके कोणी ठेवले? ताई दार उघडून उतरली असेल, तर गार पाणी कुठून आणले? ती तर आधाराशिवाय अंगणही ओलांडत नाही. आणि माझा पहिला प्रश्न — पाहिले कोणी? कोणीच नाही. मी ओले फडके पाहिले, ताईने आवाज ऐकला. वर्गात उत्तराला उठलेल्या कोणाला मी एवढ्या पुराव्यावर खाली बसू दिले नसते.

ताईचा डोळा टिकला आहे. समोरच्याचा चेहरा तिला धूसर का होईना, दिसतो. बॉनेटला मी पुन्हा कुलूप लावलेले नाही. माझा संशय मात्र गेला नाही; आजही वाटेत थांबलो की मी आसपासच्या प्रत्येकाचे हात निरखतो, कोणाचे ओले आहेत का म्हणून. अजून एकाचेही ओले दिसले नाहीत.